भीती कितीवर आहे?

काझी मॅडम कुणालाही 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारत नसत. त्या विचारत, 'कितीवर आहे?' नांदेडच्या आमच्या कॉलेजात चिकित्सा मानसशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे प्रश्न भीतीबद्दल आहे हे सगळ्यांना पाठ होतं. शून्य म्हणजे अजिबात भीती नाही, शंभर म्हणजे आता जीव जातो. मधला आपला जो काय असेल तो आकडा सांगायचा. ऑफिसातले क्लार्क सांगायचे, पार्किंगवाला सांगायचा. तपासणी समिती यायच्या दिवशी तर खुद्द प्राचार्य जिना चढता चढता 'पंच्याऐंशी' असं पुटपुटून पुढं गेलेले मी पाहिले आहेत. मॅडमना जाऊन आता वर्ष होईल. तरी कँटीनमध्ये कुणीतरी कुणाला सवयीनं हे विचारतं, आणि मग दोघंही चहाच्या कपात बघत बसतात.

मलाही पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी बिलोलीची. आमच्या घरात एवढं शिकणारी पहिलीच, आणि मॅडमच्या हाताखाली डिझर्टेशन करायचं म्हणून घाबरलेली. पण पहिल्याच दिवशी घाबरट कशाला दिसायचं? मी ताठ मानेनं म्हटलं, 'शून्य, मॅडम.'

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'शून्यवाले सगळे कबरस्तानात झोपलेत, बेटा. तू तर माझ्यासमोर उभी हाय. खरं सांग.'

'सत्तर.'

'माझी पन्नास. नवीन पोरगी कशी निघते, काय माहीत. बस आता.'

जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढी उंची, केस अर्धे पांढरे, सुती ओढणी कायम एका खांद्यावरून घसरलेली. वडिलांचं जुन्या नांदेडात अत्तराचं दुकान होतं, आता धाकटे भाऊ सलीमभाई चालवायचे. त्यामुळे मॅडम वर्गात येण्याआधी त्यांचा वास यायचा. पर्समध्ये वेलदोड्यांची डबी. आणि एक खोड: भीती वाटली की उजव्या हाताचा अंगठा त्या करंगळीच्या मुळाशी घासत. तोंडानं काहीही बोलोत, अंगठा खोटं बोलत नसे. आम्ही विद्यार्थी त्यांच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायचो.

भीतीवर उपचार शिकवणारी ही बाई स्वतः नंबर एकची भित्री होती. लिफ्टची तर भयंकर भीती. आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. त्या जिन्यानं गेल्या असत्या तर कोण विचारणार होतं? पण दर सोमवारी सकाळी त्या नामदेवमामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, बरोबर घेऊन लिफ्टमध्ये शिरायच्या. मामा बटण दाबायचे आणि गंभीरपणे विचारायचे, 'मॅडम, कितीवर?' 'नव्वद.' लिफ्ट वर, खाली, पुन्हा वर. आकडा साठावर उतरेपर्यंत दोघं आतच. खाली खोळंबलेले प्राध्यापक वैतागून जिना धरायचे.

मी एकदा विचारलं, 'मॅडम, इतकी वर्षं करताय, अजून गेली नाही भीती?'

'कुठं जाईल बिचारी? ती येते, मी बसते, ती उतरते. गेली असं कोण म्हणालं तुला?'

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. मला उलट धसकाच बसला. आपण जे शिकतोय त्यानं भीती जातच नसेल, तर दोन वर्षं इथं कशाला घालवायची?

त्यांचा एक नियम होता. तो त्या फळ्यावर लिहायच्या नाहीत, पण रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं सांगायच्या. भीती वर असताना उठायचं नाही, उतरल्यावर उठायचं. माणूस भीती चढलेली असताना पळाला की पुढच्या वेळी ती आणखी माजून येते. तो तिथंच बसून राहिला तर ती आपोआप उतरते, आणि उतरते हे त्याला स्वतःला कळतं. आमचं सगळं शास्त्र त्यांनी ह्या एका वाक्यात बसवलं होतं.

आणि फोन. त्यांचा फोन कधी म्हणजे कधीच सायलेंटवर नसायचा. भर वर्गात वाजला तरी पहिल्याच रिंगला उचलायच्या, आणि उचलताना चेहरा पांढराफटक पडायचा. पलीकडून सिमकार्डवाल्या कंपनीची बाई बोलली की 'नको बेटा, शुक्रिया' म्हणून खुर्चीत बसून पाणी प्यायच्या. पोरं मागं हसायची. मीही हसले आहे. मग एकदा त्यांनी कारण सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात कॉलेजातली एक मुलगी त्यांच्याकडं उपचाराला यायची. एक दिवस तास संपला, मुलगी म्हणाली, मी आता बरी आहे, आणि मॅडमनी तिला जाऊ दिलं. 'दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजून राहिला होता आणि मी न्हात होते. तिचाच होता. मी परत लावला तेव्हा तिच्या भावानं उचलला.' एवढंच. पुढं विचारायचा मला धीर झाला नाही. त्या दिवसापासून त्यांचा फोन वाजला की मीही हातातलं काम थांबवून त्यांच्याकडं बघायला लागले.

माझं डिझर्टेशन होतं परीक्षेच्या हॉलच्या भीतीवर. त्यासाठी लातूरपेक्षा चांगली जागा कुठली? मेडिकलच्या प्रवेशासाठी पुन्हा पुन्हा बसणारी, घरापासून लांब हॉस्टेलात राहणारी, सकाळी क्लास, दुपारी क्लास, संध्याकाळी चाचणी अशी दिवस काढणारी पोरं. त्यांना रिपीटर म्हणतात. त्यांतली सहा मी निवडली होती, हॉलमध्ये पाय टाकला की ज्यांचे हातपाय गळतात अशी. दर शनिवारी सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी लातूर गाठायची. एका क्लासनं हॉल वापरायला दिला होता. आधी हॉलच्या दाराशी उभं राहायचं, मग रिकाम्या हॉलात बसायचं, मग प्रश्नपत्रिका समोर ठेवून, मग इतर पोरांच्या गर्दीत, घड्याळ लावून. दर पायरीवर मी विचारायची, 'कितीवर आहे?' आणि आकडा उतरेपर्यंत कुणी उठायचं नाही.

सहावा गजानन. खरं नाव वेगळं आहे. किनवटकडच्या इस्लापूरचा, वडिलांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. पोरगं तिसऱ्यांदा परीक्षेला बसणार होतं. दोन्ही वेळा हॉलमधून उठून आलेलं, दुसऱ्यांदा तर प्रश्नपत्रिका उघडायच्या आधीच. मितभाषी, नम्र. मी गेले की खुर्ची पुसून द्यायचा. बाकीच्या पाच जणांनी मला रडकुंडीला आणलं होतं. आज आकडा उतरला म्हणावं तर पुढच्या शनिवारी पुन्हा ऐंशी. गजाननचं मात्र सुरेख चाललं होतं. नव्वद, पंच्याहत्तर, साठ, पंचेचाळीस, तीस. 'लई फरक पडला ताई,' म्हणायचा. 'आता काहीच वाटून न्हाई राहिलं.'

एका शुक्रवारी मी सहाही जणांचे आलेख मॅडमना दाखवायला नेले. पहिले पाच वाकडेतिकडे. ते बघून त्या नुसतं 'हं, हं' करत होत्या. गजाननचा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पट्टीनं आखल्यासारखी सरळ उतरणारी रेघ. शाबासकी मिळणार म्हणून मी हसूच दाबत होते.

मॅडमचा अंगठा करंगळीच्या मुळाशी गेला.

'हे पोरगं कुठं शिकतं?'

'लातूरला मॅडम, क्लासला.'

'क्लासला काय शिकवतात?'

'प्रश्न बघायचा आणि अपेक्षित उत्तर ओळखायचं,' मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच थबकले.

'भीती अशी उतरत नसते, बेटा. हे भीतीचे आकडे न्हाईत, हे मार्क हायत. ताईला जे पाहिजे ते त्यानं बरोबर ओळखलं आणि दिलं. लहानपणापासून तेच तर करून राहिला तो. त्याला फोन लाव.'

लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. मॅडम माझ्या हातातल्या फोनकडं अशा बघत होत्या की मला तो टाकून द्यावासा वाटला. तिसऱ्यांदा त्यांनी मला लावूच दिला नाही, सरळ हॉस्टेलच्या रेक्टरना फोन केला. रेक्टर म्हणाले, आहे की खोलीत, सकाळी तर सगळ्यांशी हसून बोलत होता. 'तेच मी सांगून राहिले,' मॅडम म्हणाल्या, 'तुम्ही स्वतः त्याच्याजवळ जाऊन बसा. आम्ही येईपर्यंत एक मिनिट एकटं सोडू नका.' मग इस्लापूरला, त्याच्या वडिलांना. मग पर्स उचलली.

'मॅडम, उद्या शनिवार आहे, मी जाणारच आहे.'

'आत्ता.'

एसटीत मॅडम एरवी ड्रायव्हरच्या मागं बसून ओव्हरटेक झाला की डोळे मिटून पुटपुटायच्या. त्या दिवशी ड्रायव्हरनं ट्रकमागून ट्रक मागं टाकले, त्यांनी मान वर केली नाही. लोह्याला बस थांबली तेव्हा मी विचारलं, 'कितीवर?' त्या म्हणाल्या, 'बोलू नको.' मी त्यांच्या हाताखाली आल्यापासून त्यांनी आकडा सांगितला नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. अहमदपूर मागं पडलं. मी गजाननच्या बोलण्यातलं एकेक वाक्य आठवून बघत होते आणि प्रत्येक वाक्य आता वेगळंच ऐकू येत होतं.

गजानन खोलीत होता. रेक्टर दाराशी खुर्ची टाकून बसलेले. आम्हाला बघून तो उठला, खुर्ची पुसायला लागला. मला आधी काहीच वेगळं दिसलं नाही. मॅडमना दिसलं. भिंतीतलं त्याचं फडताळ रिकामं होतं.

'पुस्तकं कुठायत?'

'दिली मॅडम. वाटून टाकली पोरायला. कामी येतील त्यायच्या.'

'घड्याळ?'

'ते बी.'

मॅडम त्याच्या कॉटवर बसल्या. पायातल्या चपला काढल्या, पाय वर घेतले, घरी बसावं तशा. मग म्हणाल्या, 'गजानन, मी शमीम काझी. तुझ्या ताईची मास्तरीण. माझी भीती आत्ता पंच्याण्णववर हाय.'

पोरगं गोंधळलं. 'तुमाला कशाची मॅडम?'

'तू इथून उठून जाशील ह्याची.'

तो पुन्हा खुर्ची पुसायला लागला. मी दाराशीच उभी होते. मॅडमनी ओढणीनं चेहरा पुसला. 'मी खरा आकडा सांगितला. आता तू सांग. चुकीचं उत्तर न्हाई ह्यात. मार्क कापणार न्हाई कुणी.'

'शंभर,' गजानन म्हणाला. मग एकदम त्याचा बांध फुटला. 'कवाच कमी झाली न्हाई मॅडम. एक दिवस बी न्हाई. ताई एवढ्या लांबून येऊन राहिल्या, त्यायचं खराब कशाला करावं म्हणून कमी कमी सांगत गेलो. मग वाटलं, समद्यायची कमी होते, माझीच होत न्हाई. मंग माझा उपेग काय?'

मॅडमनी त्याला स्पष्ट विचारलं, जीव द्यायचं मनात आहे का. असं विचारायचं असतं हे मी पुस्तकात शिकले होते, तरी तो शब्द खोलीत ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यानं मान हलवली. हो. मॅडम रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, समजावलंही नाही. 'बरं झालं सांगितलं,' म्हणाल्या. 'आता आपण दोघं बसू. तुझी वर हाय, माझी वर हाय. वर असताना उठायचं न्हाई.'

आणि बसल्या. रेक्टरनी चहा आणला, मेसमधून ताट आलं, ते तसंच गार झालं. मध्येच तो बोलायचा, मध्येच गप्प व्हायचा. मॅडमनी त्याला वेलदोडे दिले, लिफ्टची गोष्ट सांगितली, नामदेवमामांची नक्कल केली. तो एकदा हसला आणि लगेच रडला. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं तरी त्या कॉटवरून हलल्या नाहीत. संध्याकाळी त्याचे वडील आले, कामाच्या ग्रीसनं काळ्या झालेल्या कपड्यांत, तसेच दुकानातून निघालेले. ते दारातच म्हणाले, 'बाबू, चल घरी. डाक्टर न्हाई झाला तं न्हाई झाला. मला तू पायजे.'

मॅडमनी विचारलं, 'गजानन, कितीवर?'

तो बराच वेळ विचार करत होता. क्लासमधल्या पोराला उत्तर द्यायला एवढा वेळ लागलेला मी पहिल्यांदा पाहिला.

'साठ,' तो म्हणाला.

'हा खरा हाय,' मॅडम म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना उठवेना. मी आणि रेक्टरनी दोन्हीकडून धरून उठवलं.

नांदेडला त्यांच्या माहितीतल्या मनोविकारतज्ज्ञांकडं त्याचे उपचार सुरू झाले. त्या वर्षी त्यानं परीक्षा दिली नाही. पुढं किनवटला बी.एस्सी.ला नाव घातलं. मॅडमनी त्याला एकच गोष्ट लावून दिली: दर गुरुवारी फोन करायचा आणि आकडा सांगायचा. पटला तर पटला, न पटला तर न पटला, पण खरा. गुरुवारचा तो फोन मॅडम पहिल्याच रिंगला उचलायच्या, पण त्या फोनच्या वेळी चेहरा पांढरा पडायचा नाही.

माझं डिझर्टेशन मात्र लटकलं. मी म्हटलं, सहावा वगळते, पाच जणांवर भागवते. मॅडम म्हणाल्या, 'त्याला विचार. तो हो म्हणाला तर ठेव. आकडा खोटा हाय, पण तो खोटं का बोलला ते तर खरं हाय ना?' गजानन म्हणाला, 'लिहा ताई, फक्त नाव नका टाकू.' म्हणून त्याचं प्रकरण डिझर्टेशनमध्ये राहिलं.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड आणि वैतागलेले होते. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. 'म्हणजे इथं तुमचा उपचार फसला, असंच ना?' मी म्हटलं, 'हो सर.' 'मग हे छापलंत कशाला?' मॅडमना गाइड म्हणून मध्ये बोलता येत नव्हतं. टेबलाखाली त्यांचा अंगठा चालू असलेला मला दिसत होता. मी म्हटलं, 'सर, पुढं कुणाला असा सरळ उतार दिसला तर त्याला भीती वाटावी म्हणून.' परीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि सही केली. बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, 'कितीवर होती?' मी म्हटलं, 'शंभर.' त्या म्हणाल्या, 'माझी एकशे दहा,' आणि डबीतले उरलेले सगळे वेलदोडे माझ्या हातावर ओतले.

मग मला लातूरलाच समुपदेशकाची नोकरी लागली. मॅडम निवृत्त झाल्या. आणि एक दिवस सलीमभाईंचा फोन आला, की दीदीच्या हृदयाचं ऑपरेशन आहे, तू येशील का, ती विचारतेय.

नांदेडच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर. स्ट्रेचर न्यायचं म्हणजे लिफ्टनंच. मी पोचले तेव्हा त्यांना बाहेर काढलंच होतं. हिरव्या चादरीत त्या आणखी लहान दिसत होत्या. अत्तराचा वास नव्हता, औषधांचा होता. मी हात धरला. त्यांनी उशीखालून फोन काढून माझ्या हातात दिला. 'आज गुरुवार हाय. वाजला की उचल. पहिल्या रिंगला.'

लिफ्टचं दार उघडलं. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर आत ढकललं. मला तिथूनच परत जायला सांगितलं होतं, म्हणून मी उंबऱ्याशीच थांबले.

'मॅडम, कितीवर?'

'वीस,' त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून हसल्या.

चादरीबाहेर आलेला त्यांचा अंगठा करंगळीच्या मुळाशी जोरजोरात घासत होता. मला ओरडावंसं वाटलं, मॅडम, हा मार्क आहे, मला पाहिजे तो आकडा देताय तुम्ही. 'खरं सांगा,' मी म्हटलं. पण दार सरकायला लागलं होतं. फटीतून त्यांचा चेहरा दिसला, पांढराफटक, डोळे माझ्यावरच. त्या काहीतरी म्हणाल्या, ते दारानं तोडलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

सलीमभाई म्हणाले, चल बेटा, खाली चहा घेऊ, वेळ लागेल. मी बाकावर बसले होते. तेवढ्यात हातातला फोन वाजला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

'मॅडम, गजानन बोलतो. आज पस्तीसवर हाय. तुमची किती?'

मी त्याला सांगितलं की मॅडम नाहीत, ताई बोलतेय, त्यांना आत्ताच वर नेलंय. मग त्यानं हळू विचारलं, 'मंग तुमची किती ताई?'

लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा वरच्या मजल्यावर थांबला होता.

'शंभर,' मी म्हटलं.

'मंग उठू नका तिथून,' गजानन म्हणाला. 'मी बी फोन ठेवत न्हाई.'